सरासरीच्या पाण्याने आंघोळ होत नाही

पुण्यातल्या एका इंजिनिअर मित्राने मध्यंतरी मला एक आकडेमोड पाठवली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाकाठच्या घरांत आंघोळीचं पाणी तापवायला हीट पंप बसवले तर किती लाकूड वाचेल आणि किती वीज लागेल, याचं ते गणित होतं. त्याआधी मी त्याला लिहिलं होतं की हे गणित मांडायचं तर आधी इथल्या घरांतल्या पाण्याच्या नोंदी हव्यात, आणि यंत्र विकणाऱ्यांकडून चाचण्यांचे पूर्ण कागद हवेत. त्याचं उत्तर चार ओळींत आलं. तुमचा प्रदेश उष्ण, तिथे हीट पंप उत्तमच चालणार. कंपनीच्या पत्रकात आकडा दिलेला आहे. हवामानाची सरासरी मिळते, बाकी सगळा गुणाकार. आणि शेवटी: तिथे वाघ माणसं मारतोय, तू कागद गोळा करत बसू नकोस.

शेवटची ओळ मला लागली, कारण त्यातली भीती खरी आहे. २०२५च्या मे महिन्यात आमच्या नागभीडशेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. घोडाझरीचं जंगल २०१८ साली अभयारण्य झालं, पुढे ताडोबा आहे, आणि मधल्या गावांच्या शिवारातून वाघाची ये-जा असते. काड्या वेचायला वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं वनरक्षक सांगतात. नागभीडमध्ये राहून मला ही घाई कुणी शिकवायला नको. तरीही मी कागद मागतो आहे, आणि ते का, हे मला सविस्तर सांगायचं आहे. मित्राची आकडेमोड चुकीची आहे, आणि ती चुकीची आहे म्हणूनच धोक्याची आहे.

यंत्राबद्दल आमचं भांडण नाही. मी मुलांना फ्रीज-एसी दुरुस्ती शिकवतो. हीट पंप समजावायचा असला की वर्गातल्या जुन्या फ्रीजच्या मागच्या जाळीला हात लावायला सांगतो. आतली उष्णता ओढून ती जाळी बाहेर सोडत असते. तीच उष्णता हवेतून ओढून पाण्यात सोडली की झाला हीट पंप. वीज फक्त उष्णता वाहून नेण्यासाठी लागते. म्हणून विजेच्या एका युनिटमागे पाण्याला तीन-चार युनिट उष्णता मिळू शकते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. आमच्याकडे बहुतेक घरांत विजेवर पाणी तापवायचं म्हणजे बादलीत रॉड टाकायचा. रॉडमध्ये एका युनिटची एकच युनिट उष्णता होते, आणि वर शॉकची भीती. चंद्रपूरचं महाऔष्णिक विद्युत केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो. म्हणजे रॉड लावला की आमच्याच जिल्ह्यात तिप्पट कोळसा जळतो. सीओपी ३ असेल तर हीट पंप हे नुकसान भरून काढतो, २ असेल तर काढत नाही. हा फरक ज्या आकड्यावर उभा आहे, तो आकडा माझ्या मित्राने एका गुळगुळीत पत्रकातून उचलला आहे.

आता त्याची पहिली ओळ घेऊ. आमचा प्रदेश उष्ण आहे, कबूल. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला सोसत नाही. लोक रात्रीच बादल्या भरून ठेवतात, म्हणजे सकाळी निवलेलं पाणी मिळेल. त्या महिन्यात हीट पंप खरोखर झकास चालेल, पण गरम पाणी मागणार कोण? मागणी येते ती डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे, जेव्हा शेजारच्या ब्रह्मपुरीचा पारा दहाच्या आसपास उतरलेला असतो. यंत्राची कमाई मे महिन्यात आणि माणसाची गरज पौषात. वर्षभराची सरासरी काढली की कडाक्याची पहाट आणि रणरणती दुपार एकत्र होतात आणि सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचा एक छान दिवस तयार होतो. त्या दिवशी नागभीडमध्ये कुणीच पाणी तापवत नाही.

दुसरी मागणी तर मित्राच्या कागदावर आलेलीच नाही. आमचा धानाचा मुलूख. आषाढ-श्रावणात रोवणी चालते. बाया दिवसभर गुडघाभर चिखलात, अंगावर पाऊस, आणि दिवस कलता घरी येतात तेव्हा हातपाय गारठून पांढरे पडलेले असतात. तेव्हा घंगाळभर गरम पाणी ही चैन नसते. पण नेमक्या त्याच दिवसांत सरपण ओलं असतं. चूल धुमसत राहते, पेटत नाही, आणि घरभर धूर कोंडतो. हवा दमट आणि बऱ्यापैकी उबदार असते, म्हणजे हीट पंपाला पावसाळ्याची संध्याकाळ चांगली मानवेल. माझ्या मित्राला हवा असलेला सगळ्यात भक्कम पुरावा कदाचित याच संध्याकाळींमध्ये आहे. तो त्याच्या हातून निसटला, कारण गरम पाणी म्हणजे हिवाळा आणि सकाळ, असं पुण्यात बसून त्याने गृहीत धरलं.

बाळंतिणीच्या घरात तर दिवसातून कितीदा पाणी तापतं याला गणतीच नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर हिशेब आणखी वेगळा होतो.

दुसरी ओळ पत्रकातल्या आकड्याची. पत्रकावर ‘सीओपी ४’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. तो कुठल्या हवेत मोजला? आत येणारं पाणी किती अंशांचं होतं? किती अंशांपर्यंत तापवलं? ओल्या हवेत की कोरड्या? खाली बारीक अक्षरांतही हे दिसत नाही. जगात या चाचण्यांच्या ठरलेल्या पद्धती आहेत. अमेरिकेच्या चाचणीत आत येणारं पाणी सुमारे १४.४ अंशांचं, भोवतालची हवा सुमारे १९.७ अंशांची आणि बाहेर पडणारं पाणी सुमारे ५१.७ अंशांचं धरतात. युरोपच्या ईएन १६१४७ या मानकात थंड पाणी १० अंशांचं असतं. हीट पंप वॉटर हीटरसाठी आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १९९६७-१, २०१९ साली आलं. आपल्याकडे गिझरवर जे तारे दिसतात, ते गिझर नुसता उभा असताना दिवसभरात किती उष्णता निसटते यावर ठरतात. हिवाळ्याच्या पहाटे हवेतून किती उष्णता ओढता येते, याचं उत्तर त्या ताऱ्यांत शोधणं म्हणजे बैलाचे दात बघून गाईचं दूध ठरवण्यासारखं आहे.

या परदेशी चाचण्यांमध्ये पाणी वापरण्याचाही एक नमुना ठरलेला असतो. सकाळी शॉवर, मग सिंकमध्ये थोडं, दुपारी भांडी, रात्री पुन्हा काही. युरोपातल्या मोठ्या घराच्या नमुन्यात दिवसाला सुमारे ११.७ युनिट उष्णता लहानमोठ्या हप्त्यांत काढली जाते. आमच्याकडे पाणी बादलीने निघतं. पहाटे पाच ते साडेसहा एकामागून एक पाच बादल्या, मग दिवसभर काही नाही. टाकी सकाळी एकदम रिकामी होते, तळाशी गार पाणी भरतं, आणि वरच्या ऊन पाण्याची त्यात सरमिसळ होते. हीट पंप संथ यंत्र आहे. तिसऱ्या बादलीनंतर तो मागे पडला की आतली साधी कॉइल चालू होते, आणि सीओपी ४ चा दाखला देऊन विकलेलं यंत्र रॉडसारखं वागू लागतं. ही कॉइल कधी चालू व्हावी हे ठरवणारा सेन्सर टाकीत किती उंचीवर बसवलाय, यावर वर्षाचं बिल बदलतं. सेन्सरची ती उंची मी आजवर एकाही पत्रकात पाहिली नाही.

म्हणून मी कागद मागतो. वेगवेगळ्या हवेत आणि टाकीतल्या वेगवेगळ्या तापमानांना सीओपी किती आणि क्षमता किती, याचा पूर्ण तक्ता. टाकीची उंची, जाडी, दिवसभरात निसटणारी उष्णता. कॉइल किती वॉटची आणि कुठल्या नियमाने चालू-बंद होते. व्होल्टेज किती खाली गेलं तर कॉम्प्रेसर थांबतो. कुठला गॅस भरलाय. एनर्जीप्लससारख्या गणिती प्रणालीत यंत्र उतरवायचं तर हे सगळं लागतं. हे नसताना प्रणाली चालवली तर तीही मान डोलावून उत्तर देते, आणि ते उत्तर दशांशाच्या दोन घरांपर्यंत दिसतं म्हणून लोकांना खरं वाटतं.

मित्राचा सगळ्यात मोठा घोटाळा मात्र पाण्यातच आहे, आणि तो मला एका विद्यार्थ्याच्या आईने दाखवला. मी त्यांच्याकडे प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेऊन गेलो होतो. पहाटेची वेळ, अंगणात अंधार, चुलीवर पाण्याचा गंज. मी टाकीच्या नळाखाली थर्मामीटर धरायला गेलो तर त्या म्हणाल्या, ‘‘तो नोका मोजू जी. टाकीचा पानी हात कापते. बोअरचा घ्या, तो गरमच रायते.’’ त्यांनी मोटार लावली, पहिलं पाणी वाहू दिलं आणि मग बादली भरली. त्या पाण्यातून वाफ निघत होती.

यात जादू काही नाही. जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाला असतं, आणि ते तापमान त्या गावच्या वार्षिक सरासरीच्या जवळ असतं. टाकीतलं पाणी रात्रभर उघड्या आकाशाखाली गार होतं. आता हिशेब करा. शंभर लिटर पाणी एक अंशाने तापवायला ०.११६ युनिट उष्णता लागते. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे शंभर लिटर, आंघोळीला चाळीस अंशांचं. टाकीचं पाणी अठरा अंशांचं धरलं तर २.५६ युनिट लागतात. बोअरचं सव्वीस अंशांचं धरलं तर १.६३. घर तेच, माणसं तीच, यंत्र तेच, आणि गरज तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटली. तीही एका बाईला पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेल्या गोष्टीने. अमेरिकन चाचणीचे आकडे तसेच उचलले तर शंभर लिटरला ४.३ युनिट होतात. मित्राच्या तक्त्यात हाच आकडा होता. नागभीडच्या नावाखाली त्याने कुठल्या तरी अमेरिकन घराची आंघोळ मोजली होती.

आणखी एक गोष्ट त्याच न्हाणीतली. आपण गंजातलं कढत पाणी बादलीत ओततो आणि थंड पाण्याचं विसण घालतो. उष्णतेच्या बेरजेत त्याने फरक पडत नाही, हीट पंपाला मात्र पडतो. पंचावन्न अंशांपर्यंत पाणी चढवणं त्याला बेचाळीसपर्यंत चढवण्यापेक्षा बरंच जड जातं. मग टाकीत कमी तापमानाचंच पाणी ठेवावं का? तसं ठेवलं तर साठलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढण्याचा धोका, म्हणून अधूनमधून ते साठ अंशांपर्यंत न्यावं लागतं. लोक किती कढत पाणी घेतात, विसण किती घालतात, पाणी टाकीत किती तास पडून राहतं, हे माहीत असल्याशिवाय या प्रश्नाचा निकाल लागत नाही. कुठल्याही सरकारी तक्त्यात ‘विसण’ हा रकाना मी पाहिलेला नाही.

सोलर का नाही, असं विचारणारेही भेटतात. पक्क्या स्लॅबच्या घरावर जरूर बसवा. कवेलूच्या छपरावर भरलेली टाकी चढवता येत नाही, आणि श्रावणातल्या संध्याकाळी ऊन नसतं.

आता वाघाकडे येतो. माझा मित्र म्हणतो, नोंदी म्हणजे वेळकाढूपणा. मी त्याला आमच्याच मुलखातल्या तीन गोष्टी आठवून देतो.

उज्ज्वला योजना २०१६च्या १ मे रोजी सुरू झाली. त्याआधीपासून वनखात्यानेही जंगलाकाठच्या गावांत गॅस पोचवला. शेगड्या आल्या, चहा गॅसवर गेला, भाजी गॅसवर गेली, तरी डोक्यावरच्या मोळ्या थांबल्या नाहीत. लोक अडाणी आहेत, सवय सुटत नाही, असं तेव्हा बोललं गेलं. ते लाकूड जळतंय कशासाठी, हे घरात जाऊन पाहिल्यावर दिसलं की आंघोळीच्या पाण्यासाठी. सिलिंडर पाण्यावर कोण संपवणार? उघड्या चुलीची कार्यक्षमता दहा-पंधरा टक्के धरली तर वरच्या २.५६ युनिटांसाठी चार ते सहा किलो वाळलेलं लाकूड जातं. पंचवीस किलोची मोळी चार ते सहा दिवसांत नुसत्या आंघोळीत संपते. हे ओळखून वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थेने ताडोबाच्या परिसरातल्या गावांत ‘हीटर ऑफ होप’ नावाने कमी लाकडात पाणी तापवणारे बंब दिले. बंब म्हणजे काही नवा शोध नव्हे, आपल्या आजीच्या परसातला तो. तिथे पोचायला मात्र आधी कुणीतरी चुलीपाशी बसून पाहावं लागलं.

दुसरी गोष्ट निर्धूर चुलीची. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. देशभर कोट्यवधी चुली बसवल्या आणि २००२ साली कार्यक्रम गुंडाळला. चुली किती वाटल्या याचे आकडे होते. चूल पेटते का, गंज तिच्यावर बसतो का, धुराडं तुंबल्यावर कोण साफ करतं, याची नोंद फार थोड्या ठिकाणी झाली. हीट पंप निर्धूर चुलीच्या कितीतरी पट महाग आहे. तो कोपऱ्यात पडला की त्यावर कोंबड्या बसतील आणि बाई पुन्हा रानात जाईल. मित्राला ज्या मरणाची भीती वाटते, ते तेव्हाही तिच्या वाटेवर असेलच.

तिसरी गोष्ट गडचिरोलीची. डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या बायांची तपासणी केली. त्यांतल्या ९२ टक्के बायांना स्त्रीरोग असल्याचं १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, तेव्हा जगाला कळलं की आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. अभय बंग आणि त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या लोकांनी गावोगाव जन्ममृत्यूंची घरटी नोंद ठेवली. बाळं कशाने जातात ते त्या नोंदीतून कळलं आणि मग गावातल्याच बायांच्या हाती उपचार दिले. तान्ही मुलं मरत असताना ते वह्या भरत बसले, असं कुणी म्हणेल का? त्या वह्या होत्या म्हणून पुढची मुलं वाचली. याच जिल्ह्यात मेंढा-लेखा गावाच्या लोकांनी अभ्यासगट चालवून आपल्या जंगलाची माहिती स्वतः गोळा केली आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. जंगल मोजणाऱ्या या माणसांना एक बादली पाणी मोजता येणार नाही?

घाईचा मुद्दा मी नाकारत नाही. उद्या वाटण्यासारखा बंब हाताशी असेल तर उद्याच वाटा, माझ्या वहीसाठी थांबू नका. माझा आक्षेप मित्राच्या तक्त्याला आहे. त्यात बंबाला जागाच नव्हती. एका बाजूला उघडी चूल, दुसऱ्या बाजूला हीट पंप, आणि जिंकणार कोण ते आधीच ठरलेलं. प्रामाणिक गणितात चांगल्या बंबालाही जिंकायची मोकळीक पाहिजे. पक्क्या घरात, बरी वीज असलेल्या नागभीड शहरात हीट पंप जिंकेल असं मला आजही वाटतं. जंगलाला टेकलेल्या पाड्यावर, जिथे पहाटे बल्बचा नुसता तांबडा तंतू दिसतो, तिथे कॉम्प्रेसर उठणारच नाही. स्टॅबिलायझरचा खर्च तक्त्यात नव्हता. क्षारांचाही नव्हता. आमच्या बोअरच्या पाण्यातून निघालेली कॉइल मी दर वर्षी मुलांना दाखवतो. पांढऱ्या थराने ती बोटाएवढी जाड झालेली असते, आणि नखाने खरवडली तरी तो थर सुटत नाही.

आता मी काय केलं ते सांगतो. वर्गातल्या मुलांना एकेक शंभर पानी वही दिली. ज्यांच्या घरी जमेल त्यांनी ती न्हाणीच्या दाराशी सुतळीने टांगायची. रकाने साधे आहेत: तारीख, वेळ, किती बादल्या, पाणी टाकीचं की बोअरचं, चूल की बंब की रॉड की गॅस, ताणकाट्यावर सरपणाचं वजन, आणि वीज होती का. शेवटचा रकाना ‘इतर’. तो ठेवताना माझ्या मनात फार काही नव्हतं, पानावर जागा उरली म्हणून आखला.

मित्राला मी यातली काही पानं फोटो काढून पाठवली. त्याने ती नीट वाचली, हे मान्य केलं पाहिजे. त्याचं म्हणणं आलं की पावसाळ्यातल्या पानांवर शून्यं बरीच आहेत. शून्य बादल्या, शून्य किलो. म्हणजे पावसाळ्यात मागणी नाही हे त्याचं गृहीतक बरोबर ठरतं.

मी त्याला तेच पान पुन्हा पाठवलं, या वेळी उजवी कड न कापता. बादल्यांच्या रकान्यात शून्य होतं. त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात, मुलाच्या नव्हे तर आईच्या अक्षरात लिहिलेलं होतं: ‘काड्या ओल्या. थंड्या पान्यानंच धुतलं. पोरीले ताप.’